अख्ख्या गावाचं 'होय'

सांगितलं तर कुणाला पटायचं नाही, आणि ज्याला चटकन पटेल तो माणूस तळेबांबरचा नव्हे, एवढं खुशाल समजावं. पण या गावात एका माणसाच्या तोंडून 'होय' एवढा एकच शब्द निघावा म्हणून सगळा गाव देवळापुढे उभा राहिला होता. मुंबईचे चाकरमानी आले होते, म्हाताऱ्या आल्या होत्या, कुणाकुणाच्या कडेवरची पोरंसुद्धा होती. तरीही तो शब्द पहिल्या दमात निघाला नाही.

माणसाचं नाव भगवान धुरी. गावाचा भगो. धंद्याने सुतार, पण ओळख दशावतारातली: काळा झगा चढवून, डोक्यावरून काळा बुरखा घेऊन संकासुर राक्षस म्हणून जो यायचा, तो भगो. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. नट उभा राहतो आणि सुचेल ते बोलतो. भगोला जे सुचायचं त्याला गावात एकच शब्द होता: थापा.

या थापांचा एक रिवाज होता. भगो सुरू करायचा "तुमका पटूचा नाय" असं म्हणून, आणि थांबायचा तो ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी "खोटा!" असं मोठ्याने ओरडलं की. कुणी ओरडलंच नाही तर थाप पुढे चालू. आणि ओरडायचं ते नुसतं नाही, खोटं नेमकं कुठे आहे ते दाखवून द्यायचं. हे काम वर्षानुवर्षं एकाच व्यक्तीकडे होतं: त्याची बायको शेवंती. भगो सांगायचा, त्याच्या आजोबांच्या होडीचं शीड वादळात फाटलं तेव्हा आजोबांनी नेसतं धोतर सोडून डोलकाठीला बांधलं. वारा असा भरला की होडी मुंबईला थांबायला विसरली आणि थेट कराचीला लागली. तिथल्या कस्टमवाल्याने माल सोडून धोतरावरच शिक्का मारला. माणसं तोंड उघडी टाकून ऐकत असायची. मागून शेवंतीचा आवाज यायचा, "खोटा! तुमचो आजो लंगोटी नेसायचो!" की सगळे खो-खो हसायचे, भगो मान डोलवायचा, आणि मगच चहा यायचा. त्यांचा संसार म्हणजे एवढंच होतं म्हटलं तरी चालेल. तो रचायचा, ती पकडायची.

मग भगोच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. ऑपरेशनला भगो गेला तो हसत हसत. भूल देणाऱ्या डॉक्टरला त्याने बसलेल्या आवाजात अशी एक गोष्ट ऐकवली की डॉक्टरच्या हातातली सुई थरथरली. भीती? भगोला? नाव काढू नका.

तोवर कंठपट्टी निघाली होती. दिसायला साधी, शर्टाच्या कॉलरएवढी. स्वरयंत्र काढलं तरी माणसाचा मेंदू बोलायचा सोडत नाही. ओठ, जीभ, जबडा, गळ्याचे स्नायू यांना तो हुकूम पाठवतच राहतो. त्या हुकमांबरोबर स्नायूंत बारीकशी वीज चमकते. पट्टीच्या आतल्या बाजूचे ठिपके ती वीज टिपतात, पट्टीतलं सॉफ्टवेअर त्यावरून शब्द ओळखतं आणि माणसाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेल्या त्याच्याच आवाजात ते शब्द बोलून दाखवतं. भगोची ध्वनिमुद्रणं तर गावातल्या प्रत्येक फोनमध्ये होती. इस्पितळाने ती गोळा केली, आणि एक दिवस भगोच्या गळ्यातून पुन्हा भगो बोलला. शेवंतीने पदर तोंडाला लावला.

संध्याकाळी अंगणात माणसं जमली. भगोने खुर्ची पुढे ओढली.

"तुमका पटूचा नाय," पट्टी अगदी त्याच्या आवाजात म्हणाली, "पण डॉक्टरान माझा नरडा कापल्यान तेव्हा आतून एक बांगडो निघालो. जित्तो!"

आणि श्वासही न घेता, त्याच आवाजात, पट्टी पुढे म्हणाली, "या विधानाची पडताळणी झालेली नाही. श्रोत्यांनी स्वतः खात्री करून घ्यावी."

मागे शेवंतीचं तोंड उघडलं होतं. "खो" तिथेच राहिला.

एक पोरगा हसला, पण बेतानेच. भगोने पुन्हा प्रयत्न केला, बांगड्याचं पापलेट करून पाहिलं. पट्टीने पुन्हा तेच बजावलं. माणसं हळूहळू चपला शोधू लागली.

यात पट्टीचा दोष म्हणाल तर नव्हता. मागे काही वर्षं नकली आवाजांचा सुळसुळाट झाला होता. कुणाच्याही आवाजात कुणीही काहीही बोलायचं आणि भोळी माणसं फसायची. म्हणून ज्या अधिकृत दालनातून अशी सगळी सॉफ्टवेअरं मिळत, त्या दालनाने नियम केला: यंत्राने घडवलेला आवाज खोटं बोलला तर त्याने तसं सांगितलंच पाहिजे. नियम चांगलाच होता. नियम करणाऱ्यांनी संकासुर पाहिला नव्हता, इतकंच.

त्या दिवसापासून भगोला बूड टेकवेना. ओटीवर बसायचा, उठायचा, विहिरीपर्यंत जाऊन यायचा. रंधा हातात घ्यायचा आणि फळीवर न ठेवताच खाली ठेवायचा. साधं बोलणं चालायचं: चहा दे, पाऊस येता, गुरां खंय गेली. त्यावर पट्टीची हरकत नव्हती. पण साधं बोलायला भगोला कधी आलंच नव्हतं. जेवताना दोघं समोरासमोर बसायची आणि भाताचा आवाज ऐकायची. एकदा तो आमटीबद्दल काहीतरी वाढवून बोलला, पट्टीने खुलासा केला, आणि शेवंती ताट घेऊन उठली. जे तिने म्हणायचं ते कॉलरएवढी पट्टी म्हणत होती, तेही नवऱ्याच्या आवाजात. तिने करायचं काय?

दशावतार मंडळीचे मालक बाबी नाईक येऊन उंबऱ्यातच उभे राहिले. म्हणाले, "भगो, माका संकासुर व्हयो, तलाठी नको. जत्रेपर्यंत ह्या पट्टीचा तोंड बंद कर. नायतर काळो झगो मी दुसऱ्याक देतलंय. राग मानू नको."

भगोने मान हलवली. मालक गेल्यावर तो अंगणात गोल गोल फिरत राहिला, इतका की कोंबड्या कंटाळून कुंपणापलीकडे गेल्या.

मग भगोच्या निरोपावरून सावंतवाडीहून मृणाल आजगावकर आली. तिशीची बाई, खांद्याला लॅपटॉपची बॅग, पायात मळकट बूट. पट्टीतलं शब्द ओळखायचं सॉफ्टवेअर मुळात तिनेच लिहिलेलं. कंपनीने ते घेतलं, वर खुलाशाचा थर चढवला आणि दालनात ठेवलं. तिची मूळ, खुलासा न करणारी आवृत्ती दालनाने घेतली नाही. ती तिच्या स्वतःच्या साइटवर पडून होती.

"म्हणजे तीच मासळी," भगो म्हणाला, "पण दुकानातली न्हय."

मृणाल हसली. "बरोबर, काका."

आणि खरोखर तसंच होतं. दुकानातली मासळी साफ केलेली, तोललेली, पिशवीत बंद. खराब निघाली तर परत देता येते. सॉफ्टवेअरचं दालन तसंच: आत येणारी प्रत्येक गोष्ट कुणीतरी तपासलेली, आपापल्या कुंपणात बांधलेली, एकाने दुसऱ्याच्या परड्यात तोंड घालायचं नाही. नवी आवृत्ती निघाली की आपोआप घरपोच. पण दुकानदार जे मांडेल तेवढंच खायचं. ज्याला काट्यासकट, डोक्यासकट हवी त्याने पहाटे किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढतात तिथे जावं आणि ओढणाऱ्याच्या हातूनच घ्यावी. तिथे कल्ले आपणच उघडून बघायचे. लिहिणाऱ्याकडून थेट सॉफ्टवेअर उतरवून घेणंही असंच. तिथे कल्ल्यांच्या जागी एक आकड्या-अक्षरांची लांब ओळ असते. लिहिणारीने तिच्या साइटवर छापलेली ओळ आणि आपल्याकडे उतरलेल्या मालावरून निघणारी ओळ तंतोतंत जुळली, तर माल वाटेत कुणी बदलला नाही. मृणालने ती ओळ मोठ्याने वाचली, भगोने पडद्यावर बोट फिरवत ताडून पाहिली. जुळली. पण माल मुळात चांगला की वाईट, हे ती ओळ सांगत नाही. तो विश्वास ज्याचा त्याने ठेवायचा.

"आणि झोपेत कफ अडाकलो तर?" शेवंती दारातून म्हणाली. "बोंब कोण मारतला गो, बाये?"

ऑपरेशननंतर भगो गळ्यातल्या भोकातून श्वास घेत असे. पावसाळ्यात एकदा दुपारच्या झोपेत तिथे कफ घट्ट बसला होता. पट्टीने श्वास मोजून किंचाळायला सुरुवात केली, म्हणून परड्यात भाजी खुडणारी शेवंती धावत आली आणि तिने नळी साफ केली. नाहीतर त्या दिवशी जत्रेची नाही, वेगळीच माणसं जमली असती.

मृणालने लॅपटॉप अर्धा मिटला. "माझ्या आवृत्तीत ती सोय नाही, काकू. श्वासाची घंटा कंपनीची आहे, दालनाबाहेर देत नाहीत. मी खूप मागितली. आणि एकदा बाहेरचं बसवलं की दालनातलं परत बसत नाही या पट्टीवर. तुम्हाला अंधारात ठेवणार नाही."

"आयकलात?" शेवंती नवऱ्याला म्हणाली. "थापांपायी जीव देतल्यात?"

भगोच्या ओठांची हालचाल झाली. पट्टी म्हणाली, "माका नुसतो जीव ठेवन काय करूचो?"

यावर पट्टीने कसलाही खुलासा केला नाही.

शेवंती आत गेली. चुलीपाशी भांडी आपटल्याचा आवाज आला.

भगोने वायर जोडायची खूण केली. तेव्हा खरी गंमत झाली. कायद्याने कंपनीला मालकाचा हात धरता येत नव्हता. पट्टी ज्याची, त्याला हवं ते त्याने बसवावं. पण आधी पट्टी धोक्याच्या सूचना वाचून दाखवणार आणि प्रत्येक सूचनेनंतर मालकाने आपल्या नैसर्गिक आवाजात 'होय' म्हणायचं. यंत्राचा आवाज चालणार नाही. स्पीकरवर वाजवलेला चालणार नाही. स्पीकरच्या पडद्याची थरथर आणि माणसाच्या छातीतून निघालेला आवाज यांतला फरक पट्टीला कळत होता. फसवणूक टाळण्यासाठी हेही चांगलंच होतं.

"पण काकांना नैसर्गिक आवाज आहे कुठे?" मृणालने कपाळावर हात मारला. "नियम करणाऱ्यांनी कंठपट्टीचा विचारच केला नाही." मग तिने पट्टीत साठवलेला 'होय'चा नमुना उघडला. "निदान कशाशी जुळवायचंय ते तरी ऐकू या."

लॅपटॉपमधून आवाज फुटला: "व्हय म्हाराजा!"

एका माणसाचा नव्हे. सगळ्या गावाचा.

मृणालने तो पुन्हा वाजवला. मग भगोचे खांदे गदगदा हलू लागले. आवाज नसलेलं हसू तसंच असतं. उलगडा साधा होता. इस्पितळाच्या यंत्राने भगोच्या ढीगभर ध्वनिमुद्रणांत 'होय' शोधला. आणि भगो जन्मात कधी सरळ होय म्हणाला नव्हता. "तर!" म्हणायचा, "मगे!" म्हणायचा, "झक मारता!" म्हणायचा. होय म्हणायचा तो फक्त गाऱ्हाण्यात. तळकोकणात शुभकार्याला देवापुढे गाऱ्हाणं घालतात: एक जण देवाला मागणं सांगतो आणि 'रे म्हाराजा'ने संपणाऱ्या त्याच्या प्रत्येक वाक्यावर जमलेले सगळे एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या गर्दीत भगोचाही आवाज होता. यंत्राने सबंध गर्दीच उचलली आणि नोंद केली: हा भगवान धुरी.

म्हणजे आता भगोला होय म्हणायचं तर गावाने म्हणायला हवं होतं.

जत्रेचा दिवस. आवाजाच्या नियमांमुळे त्या काळी दशावतार दिवेलागणीलाच उभा राहायचा, त्यामुळे ऊन कलतानाच रवळनाथाच्या देवळाचं पटांगण भरलं. खाजं, मालवणी लाडू, फुगे, आणि गावभर पसरलेली बातमी: आज भगोचो व्हय म्हणूचो असा. तातू घाडी गाऱ्हाणं घालणारा. त्याने देवाचं गाऱ्हाणं आधी रीतसर पुरं केलं. मग भगोला पायरीवर बसवलं. मृणालने वायर जोडली. पट्टी आता भगोसाठी बोलेनाशी झाली. तिच्यातून कंपनीचा बाईचा आवाज आला, गोड आणि सपाट.

"हे सॉफ्टवेअर अधिकृत दालनातून आलेले नाही. हे आपल्याला समजले आहे का?"

पटांगणात चिडीचूप. कुणी हूं की चूं करेना.

"अरे, बोला मरे!" तातू ओरडला.

"पण ती 'रे म्हाराजा' खंय म्हणाली?" मागून कुणीतरी म्हणालं. तेही खरंच. 'रे म्हाराजा' आल्याशिवाय या माणसांच्या तोंडून होकार कधी निघाला नव्हता, आज कसा निघेल?

पट्टीने प्रश्न पुन्हा विचारला. तातूने हात जोडले आणि खणखणीत आवाजात पुस्ती जोडली, "ह्या सगळा ह्या लेकराक समाजला असा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडाली. पट्टीने क्षणभर विचार केला. "आवाज पूर्णपणे जुळला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

पुन्हा झालं. पुन्हा तेच. लाडवाच्या दुकानदाराला ओढून आणलं, तोही ओरडला. पट्टी ऐकेना. "देवासारखो कंपनीक पण कोंबो दाखवूचो लागतलो," कुणीतरी म्हणालं, पण फारसं कुणी हसलं नाही. तिकडे झगा खांद्यावर टाकून बाबी नाईक येरझारा घालत होते.

मृणाल पडद्यावर वाकली. "नमुन्यात एक आवाज फार मोठा आहे, बाईचा. हे मुद्रण काकांच्याच फोनवरचं आहे, म्हणजे ती त्यांच्या अगदी जवळ उभी असणार. तो आवाजच आत्ता येत नाहीये."

भगोला विचारावं लागलं नाही. गाऱ्हाण्याला त्याच्या शेजारी कोण उभं राहतं हे गावालाही ठाऊक होतं. माना वळल्या. तुळशीवृंदावनापाशी शेवंती उभी होती, ओठ घट्ट मिटून. सगळा गाव ओरडत असताना ती गप्प होती.

"काकी, म्हणा गो!"

"कित्याक म्हणू?" ती फाडकन म्हणाली. "तुमचो खेळ व्हतलो. घरवालो माझो जातलो."

तातूने जोडलेले हात खाली घेतले.

भगो उठला. पायऱ्या उतरला, वायर ताणली तशी मृणालही लॅपटॉप घेऊन मागून आली. तो शेवंतीसमोर उभा राहिला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. खिशात घातले, काढले. पट्टी त्याचं काही बोलणार नव्हती. आणि बोलली असती तर वर खुलासाही केला असता, म्हणून मुकी होती तेच बरं. त्याने नुसते ओठ हलवले. वाऱ्यावर एक शब्दही आला नाही. पण ज्या बाईने त्याची प्रत्येक थाप तोंडातून निघायच्या आत ओळखली, तिला आवाजाची गरज नव्हती.

'मी मरूचंय नाय,' भगो म्हणाला होता.

इतकी मोठी, इतकी उघडी थाप त्याने आयुष्यात मारली नव्हती. खोटं नेमकं कुठे आहे ते लहान पोरालाही दाखवता आलं असतं. शेवंती त्याच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ उघडले, मिटले.

मृणालने अडलेली सूचना मागे ठेवून हळूच पुढची कळ दाबली. कंपनीची बाई म्हणाली, "यापुढे होणाऱ्या कोणत्याही हानीची जबाबदारी आपली राहील. हे आपल्याला मान्य आहे का?"

तातूचा घसा बसला होता. "मान्य असा रे... म्हाराजा."

शेवंतीने डोळे मिटले. "व्हय म्हाराजा!"

तिच्यामागून सगळा गाव. पट्टीने हा होकार घेतला, अडलेली पहिली आणि राहिलेल्या सूचना वाचल्या, त्यांचेही होकार घेतले, मग एक बारीक टिक वाजली आणि कंपनीची बाई कायमची गप्प झाली.

शेवंती तोंड फिरवून निघाली. जाता जाता मृणालला म्हणाली, "आजपासून माझी झोप गेली गो. तुझ्या त्या ओळीत ह्या लिवलेला होता?"

मृणालने वायर गुंडाळून बॅगेत ठेवली.

दिवे लागले. पेटी वाजली, मृदंगावर थाप पडली, आणि काळा झगा उडवत संकासुर आला. बुरख्याखाली गळ्याशी पट्टीचा बारीक हिरवा ठिपका. बाबी नाईक पडद्याआडून वाकून बघत होते.

"तुमका पटूचा नाय!" संकासुर गरजला.

सगळे थांबले. खुलासा आला नाही.

मग काय विचारता! त्याने सांगितलं की त्याचा गळा कापायला डॉक्टरांनी आरा मागवला, आऱ्याचे दात तुटले, शेवटी त्यानेच आपल्या सुतारकीच्या पेटीतली करवत काढून दिली. नरड्यातून बांगडा निघाला, त्याच्या पोटातून कोळंबी निघाली, कोळंबीच्या पोटातून कंपनीचा मॅनेजर निघाला, आणि तो बाहेर आल्या आल्या म्हणाला, पडताळणी झालेली नाही. माणसं लोळत होती. चाकरमान्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कुणीच ओरडेना. थाप वाढत चालली, लांबत चालली, आणि संकासुर मंचावर या टोकाकडून त्या टोकाकडे अस्वस्थ फिरू लागला, कारण थांबवणारं कुणी नव्हतं. पहिल्या रांगेत शेवंती मांडीवर हात ठेवून बसली होती, कुठेतरी दुसरीकडेच बघत.

भगोने बुरखा वर केला. धाप लागली होती.

"आणि त्या टेबलार मी हसत हसत गेलंय!" तो तिच्याचकडे बघून म्हणाला. "भीती? माका? त्या डॉक्टराक मीच धीर दिलंय!"

पट्टी गप्प. सगळं पटांगण ऐकत होतं.

शेवंती उठून उभी राहिली. पदर खोचला.

"खोटा!" ती ओरडली, देवळाच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू जाईल अशी. "माझो हात धरून ढसाढसा रडलात!"